कपाटातले जंबिये

"हे काय ठेवलंय माझ्या टेबलावर?"

मी बाळंतिणींच्या खोलीतून नुकतीच बाहेर आले होते. सकाळपासून अडलेली एक बाई एकदाची मोकळी झाली होती, माझ्या कमरेचे टाके ढिले झाले होते, आणि घोटभर चहा मिळाला तर बरं एवढीच अपेक्षा होती. तर समोर हे. माझं ड्रेसिंगचं टेबल, त्यावर उकळून झाकून ठेवलेल्या कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे, आणि त्यांना खेटून दोन जंबिये. म्यान, जरीचा रुंद पट्टा, सगळ्यासकट. टेबलाभोवतीच्या बाकांवर सात-आठ पुरुष गालात हिरव्या पाल्याचे तोबरे भरून बसलेले.

"हा दवाखाना आहे की हत्यारांचा बाजार?" माझं अरबी तेव्हा कामापुरतंच होतं, पण रागवायला पुरायचं.

सगळे नुसता पाला चघळत राहिले. मग मी काय करणार? दोन्ही जंबिये उचलले, काखोटीला मारले, औषधांच्या लोखंडी कपाटात टाकले, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. "जाताना मागून घ्या," असं वर सुनावलं.

तरी कुणी बोलेना. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही शांतता काही माझ्या धाकाची नव्हे. बाकाच्या मधोमध एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा हात टेबलाच्या दिशेने अर्धा पुढे आलेला होता आणि तसाच हवेत राहिला होता. त्यांनी तो सावकाश मागे घेतला, पांढऱ्या दाढीवरून फिरवला, आणि हसायला लागले. असे हसले की गालातला पाला बाहेर यायची वेळ आली.

"मी हात लावलेला नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "तुम्ही साक्षीदार. हात हिने लावला."

ही गोष्ट येमेनच्या डोंगरातली, रूहान नावाच्या गावातली. मी पद्मिनी उजगरे, मिरजेची. नर्सिंग मिरजेला शिकले आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून तिकडे गेले. अरबीत 'प' नाही, त्यामुळे सगळं गाव मला बद्मिनी म्हणायचं. पहिले काही महिने फार राग यायचा. मग म्हटलं, म्हणा बापड्यांनो. तसं त्यांच्या भाषेत अहो-जाहोही नाही. राजापासून गाढववाल्यापर्यंत सगळे 'तू'. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

आपल्याकडे संग्रहालयात काचेमागे जंबिया ठेवतात आणि खाली 'वक्र खंजीर' असं लिहितात. रूहानमध्ये तो पुरुषाच्या पोटावर असायचा, अगदी मधोमध, मूठ वर, म्यानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं. त्याने भाजी कुणी कापत नसे आणि माणूसही सहसा कापत नसत. बोलताना त्यावर हात ठेवायचा, शपथ घेताना मूठ धरायची, ईदला आणि लग्नात तो उंच धरून रांगेत नाचायचं. रागाच्या भरात भरल्या जागी नुसता उपसला तरी गुन्हा. थोडक्यात, जंबिया म्हणजे तिथल्या पुरुषाचं नाक. फक्त ते चेहऱ्याऐवजी पोटावर लावलेलं. आणि मी दोघांची नाकं उचलून कपाटात कोंबली होती.

हे मला सांगितलं हमीद मुकादमने. हमीद आमचा लॅबवाला, दाभोळकडचा, रूहानमधला माझ्याखेरीज एकमेव मराठी जीव. तो रक्ताची बाटली हातात घेऊन धावत आला.

"सिस्टर, काय करून बसलाव तुमी!"

"काय केलं? पाटी लावलीय ना दारावर, हत्यारं आत आणू नयेत म्हणून?"

"पाटी गेली खड्ड्यात. ते जंबिये तुमच्यासाठी नव्हते, त्या म्हाताऱ्या हाज नाजींसाठी होते. दोघांचा भांडण हाय. भांडण मिटवायला पंच करायचा तर दोघांनी आपापला जंबिया सोडून पंचाफुडं ठेवायचा. पंचानं उचलला म्हंजी त्यानं भांडण अंगावर घेतला. मंग तो काय सांगंल ता दोघांनी ऐकायचा, आणि ऐकला की मगच जंबिया परत."

"मग?"

"मंग काय! उचललाव कोणी?"

मी हाज नाजींकडे पाहिलं. ते अजून हसत होते. त्यांचं हसणं मला नंतर कळलं. भांडणारे दोघेही त्यांचे सोयरे. एकाच्या बाजूने निकाल दिला असता तर दुसरं घर कायमचं तुटलं असतं. देवानेच मला त्या दारातून बाहेर पाठवलं असं त्यांना वाटलं असणार.

"परत देते की," मी म्हटलं.

"तसा देता येत नाय. निकालाच्या आधी जो परत घेईल तो शब्द मोडणारा. त्याच्या पंगतीला कोण बसत नाय."

भांडण अरवावरून होतं. अरवा माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होती. वय एकोणीस-वीस असेल. पोट फाडून मुलगी काढावी लागली होती आणि जखम चिघळली होती. बाकावरचा तगडा, तरणा, नाकपुड्या फुगवून बसलेला तो तिचा नवरा सालिह. त्याला तिला आजच घरी न्यायचं होतं. समोरचा काटकुळा, मेंदीने दाढी रंगवलेला तो तिचा बाप मुक्बिल. तो म्हणत होता, माझी मुलगी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मला बाप आवडला. कुणाला आवडला नसता?

"निकाल उद्या दुपारच्या नमाजानंतर," हाज नाजींनी जाहीर करून टाकलं, आणि सगळे उठले. सालिह माझ्यासमोरून जाताना थांबला. त्याचा हात सवयीने पोटाकडे गेला, तिथे काही नव्हतं, तो तसाच खाली आला.

"बाई," तो म्हणाला, "परकी आहेस, नसरानी आहेस. नीट विचार कर." नसरानी म्हणजे ख्रिस्ती, आणि ती मी होतेच.

"तुझी बायको तापाने फणफणतेय," मी म्हटलं. "तू विचार कर."

अरवाची मलमपट्टी करायला गेले तेव्हा तिला सगळं ठाऊक झालेलं होतं. बाळंतिणींच्या खोलीत बातमी भिंतीतून येते. बाळ तिच्या कुशीत होतं. मी पट्टी सोडायला लागले तशी तिने माझं मनगट धरलं.

"तूच उचललेस ना?"

"चुकून."

"निकाल देऊ नकोस."

मला वाटलं, तापात बरळतेय. "का ग? बाबांकडे जायचं नाही तुला?"

तिने बाही वर केली. कोपरापाशी भाजल्याचा डाग होता, जुना, तंदूरच्या कडेचा. "हे सालिहच्या आईने केलं. तू सालिहच्या बाजूने बोललीस तर मी तिकडे. बाबांच्या बाजूने बोललीस तर मी बाबांकडे, पण ही सालिहकडे. मूल बापाचं." तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबांनी सांगितलंय, मुलगी त्यांची त्यांना देऊन टाकू. खालच्या खोऱ्यात एक कॉफीचा व्यापारी आहे. बाबांनी त्याला शब्द दिलाय. बाळासकट बाई त्याला नको."

"शब्द दिलाय? तुझा? आणि तुझा तलाक कुठे झालाय अजून?"

"सालिहच्या आधीच त्या व्यापाऱ्याशी लग्न व्हायचं होतं. राहून गेलं. बाबांच्या मनातून गेलं नाही."

माझ्या हातातला चिमटा जरा जोरात लागला असावा, कारण ती कळवळली. बाप आवडला होता ना मला. असा कसा आवडला, याचा मला संताप आला.

"आणि निकाल नाही दिला तर?"

"तर जंबिये तुझ्याकडे. जंबिये पंचाकडे असेपर्यंत ज्या गोष्टीवरून भांडण, ती गोष्ट आहे तिथेच. तिला कुणी हात लावायचा नाही. दोघांनीही." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बद्मिनी, मला कुणी हात लावायला नकोय."

त्या रात्री मी अंथरुणात उठून बसले आणि मोठ्याने हसले, कारण मला आमचे अप्पा आठवले. आमच्या घरामागच्या बोळावरून अप्पांचा आणि शेजारच्या तातोबांचा खटला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ते दोघेही शहाणे नव्हते. माझ्या जन्माआधी सुरू झालेला खटला मी नोकरीला लागले तरी चालूच होता. दर वेळी अप्पा टोपी चढवून जायचे आणि येताना आईला सांगायचे, "तारीख पडली." आणि गंमत अशी की, खटला चालू होता तोवर बोळाला कुणी हात लावला नाही. ना तातोबांनी भिंत घातली ना अप्पांनी. आम्ही पोरं खुशाल त्यात खेळत मोठी झालो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात अर्धं रूहान जमलं. पुरुष सावलीत, बायका खिडक्यांमागे. हमीदला मी दुभाष्या म्हणून शेजारी उभा केला. माझं अरबी अडलं तर तो होता. सालिह बोलला, बायको नवऱ्याची, मूल बापाचं, यात निकाल कसला. मुक्बिल बोलला आणि फार छान बोलला. मुलीच्या भाजलेल्या हाताबद्दल बोलताना त्याचा आवाज भरून आला. दोघांच्याही कमरा मोकळ्या होत्या. पट्ट्याशिवाय त्यांचे सदरे पोटावर फुगत होते आणि दोघांनीही हात तिथेच गुंफून ठेवले होते.

"बोल, हकम," हाज नाजी म्हणाले. हकम म्हणजे पंच. अंगणात कुणीतरी खुसफुसून हसलं.

"दोन्ही बाजू ऐकल्या," मी म्हणाले. "विचार करायला वेळ लागेल. बकरी ईदनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी परत या. ती तारीख."

तारीख शब्द त्यांचाच. तिकडून बोटीत बसून आपल्याकडे आला, कोर्टात जाऊन बसला आणि तिथे त्याला जे गुण लागले ते त्यांना माहीत नव्हते. मी तो त्यांना त्याच्या नव्या गुणांसकट परत केला.

"म्हणजे त्या तारखेला निकाल?" मुक्बिलने विचारलं.

"त्या तारखेला बघू, निकाल कधी द्यायचा ते."

खिडक्यांमागून हसण्याची एक लाट आली. सालिह ताडकन उठला. "ही बाई आमची टिंगल करतेय! ईदला मी पट्ट्याशिवाय फिरू?"

"फिरू नकोस," मी म्हटलं. कमरेची चावी काढली आणि तळहातावर ठेवून हात त्याच्यापुढे केला. "घे. कपाट ते तिथे आहे. जंबिया काढ आणि जा. मी अडवणार नाही."

खरं सांगते, तो घेईल की नाही मला ठाऊक नव्हतं. घेतली असती तर मी काहीच करू शकले नसते. तो एक ना दोन, पाच पावलं चालत माझ्यापर्यंत आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याने चावीकडे पाहिलं, मग मान वळवून लोकांकडे पाहिलं. अंगणातला प्रत्येक माणूस त्याच्या हाताकडे बघत होता. एकानेही 'घेऊ नकोस' म्हटलं नाही. त्याची गरजच नव्हती.

तो परत जाऊन बसला.

"तारीख," हाज नाजी म्हणाले, शब्द जिभेवर घोळवून, नवीन मिठाई चाखावी तसा. "सभा संपली."

आमचे डायरेक्टर डॉक्टर फहमी इजिप्तचे, शहरी माणूस, डोंगरातल्या लोकांना घाबरून असायचे. त्यांनी मला लगेच बोलावून घेतलं.

"मॅडम, हा दवाखाना आहे, कोर्ट नाही. ते खंजीर आजच्या आज देऊन टाका."

"देता येत नाहीत. हाज नाजींना विचारा."

"त्या मुलीची जखम भरली की तिला डिस्चार्ज द्या."

"भरली की बघू."

"मी तुम्हाला परत पाठवू शकतो, हे माहीत आहे ना?"

"पाठवा," मी म्हटलं. "कपाटाची चावी माझ्याबरोबर येईल. दोन्ही टोळ्या जंबिये मागायला कुणाच्या दारात येतील, त्याचा विचार तेवढा करून ठेवा."

त्यांनी चष्मा पुसला. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. बाहेर हमीद कान लावून उभा होताच. "सिस्टर," तो म्हणाला, "तुमी पोलिसात जायला हवा होतात."

अरवाची जखम भरली. ती घरी गेली नाही, कारण घर ठरलं नव्हतं. बायकांच्या खोल्यांमागे एक कोठी होती, तिथे ती आणि बाळ राहू लागली. नुसती बसणारी नव्हती ती. घाबरलेल्या पहिलटकरणींजवळ बसायची, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि मी चिडले की त्यांना सांगायची, "ही ओरडते, पण हिचा हात हलका आहे." बाळाचं नाव गालिया. गालिया पालथी पडायला लागली.

बकरी ईदच्या दिवशी मी गच्चीवर गेले होते. खाली चौकात ढोल वाजत होते आणि पुरुष रांगेत नाचत होते. मनगटातून पातं फिरवत, एक पाय उचलत, सगळ्यांचे जंबिये उन्हात एकदम वर जात होते. देखणं दिसत होतं ते, नाही कशाला म्हणू? रांगेच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून सालिह उभा होता. ढोलाच्या ठेक्यावर त्याचे खांदे आपोआप हलत होते आणि तो ते दाबून धरत होता. मला त्याची दया आली. चांगलीच आली. पण दया आली म्हणून काही मी चावी दिली नाही. तंदूरच्या कडेला धरलेल्या हाताची त्याला कधी आली होती?

ईदनंतर दोघेही आले. मी पुढची तारीख दिली. बाजरीची कापणी. कापणीनंतर आले. मुक्बिलची एक बाजू पुन्हा ऐकायची राहिली होती, ती ऐकली आणि तारीख दिली. गावात आता 'बद्मिनीची तारीख' ही म्हणच झाली होती. उधारी बुडवणाऱ्यालाही लोक तेच म्हणायला लागले. सालिहच्या घरून एकदा निरोप आला, की या बाईला विंचू चावेल. मी उलट निरोप पाठवला, की विंचवाच्या विषावर औषध त्याच कपाटात आहे. गालिया बसायला लागली, मग रांगायला.

आणि मग सालिहच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं.

सालिह एकटाच आला. अंगात लांब कोट, कमर झाकण्यासाठी. दुपारची शांत वेळ होती. तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला, उंबरा ओलांडला नाही.

"लग्नात रांगेच्या पुढे थोरल्या भावाने नाचायचं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"निकाल दे."

"तारीख पडलीय. तारखेला ये."

"निकाल दे, बाई. कसाही दे."

मी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. "कसाही म्हणजे कसा?"

त्याने कोटाची कड पोटावर ओढून घेतली. मग पाठांतर म्हणावं तसं एका दमात म्हणाला, "मूल तिच्याकडे. मी तिला मोकळी करतो. तिचे दागिने तिचे. माझ्या घरचं कुणी तिच्या वाटेला जाणार नाही."

"तुझी आई काय म्हणेल?"

"आई रांगेत नाचत नाही," सालिह म्हणाला.

मला हसू आलं, ते मी आवरलं नाही. तोही कसनुसा हसला. पहिल्यांदाच मला तो पोरसवदा वाटला. मग त्याने खाली बघून विचारलं, "ती रांगते म्हणे."

आत पडद्यामागे अरवा होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिचाच आवाज आला. "बघायचं असेल तर येऊन बघत जा. इथे. लोकांसमोर."

"येईन," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. या वेळी सावलीतली माणसं आणि खिडक्यांमागच्या बायका पहिल्यापेक्षा दुप्पट. हाज नाजी मधोमध बसले. मी निकाल दिला आणि शब्दन् शब्द सालिहनेच दिलेला दिला, फक्त माझ्या तोंडून. त्याने सगळ्यांसमोर अरवाला मोकळं केलं, मूल तिचं म्हटलं आणि तीनदा म्हणाला, "राजी आहे." आवाज अडखळला नाही.

मी कपाट उघडलं. त्याचा जंबिया बाहेर काढला. शिंगाची मूठ, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी मधासारखी झालेली. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, पट्टा कमरेला आवळला, आणि त्याची पाठ माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाली. आभार मानले नाहीत. मला अपेक्षाही नव्हती. जाता जाता गालियासमोर क्षणभर उकिडवा बसला. ती त्या मुठीला धरायला गेली. त्याने धरू दिली.

तो गेला आणि मुक्बिल उठला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"अल्लाने न्याय केला," तो लोकांना म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून मुलीच्या बाजूने आहे, सगळं गाव साक्षी आहे. माझा आणि हकमचा वाद कुठे आहे? दे माझा जंबिया, आणि चल ग अरवा, गाडी बाहेर उभी आहे. तो व्यापारी मोठ्या मनाचा निघाला. इतके दिवस थांबला. म्हणतो, आता बाळासकट या."

अंगणात 'माशाल्ला, माशाल्ला' झालं. माणसं कौतुकाने माना हलवत होती. खरंच, वाईट काय होतं त्यात? बाप होता, घर होतं, बाळासकट पत्करणारा माणूस होता. माझाही हात कपाटात गेला होता. मुक्बिलचा जंबिया मी अर्धा बाहेर काढलेला होता.

"बद्मिनी."

अरवा पडद्याबाहेर आली होती. गालिया तिच्या कडेवर होती. इतक्या पुरुषांसमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. डोक्यावरचं वस्त्र तिने घट्ट धरलं होतं, आणि आवाज बिलकूल कापत नव्हता.

"बाबांचा राहू दे," ती म्हणाली.

मुक्बिलने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय राहू दे? मी तुझा बाप आहे! मी तुझ्यासाठी भांडलो!"

"हो," अरवा म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं."

हाज नाजींना जोराचा खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं की मला कळलं. मी मुक्बिलचा जंबिया पट्ट्यासकट आत ठेवला, कपाट लावलं, कुलपात चावी फिरवली.

"मुक्बिल," मी म्हणाले, "निकाल सालिहपुरता झाला. तुझी बाजू अजून पूर्ण ऐकून झालेली नाही. पुढच्या ईदनंतर ये."

"म्हणजे तेव्हा निकाल?" मुक्बिल ओरडला.

मी तोंड उघडायच्या आत उत्तर अरवाने दिलं.

"आधी तारीख, बाबा," ती म्हणाली, आणि गालियाला या कडेवरून त्या कडेवर घेऊन वॉर्डात निघून गेली. आत एक बाई अडली होती.